७९२ चा आवाज १५८४ वर, आणि रिसीव्हरची खरी परीक्षा

हडपसरला राहायला आलो त्याला आता तीन वर्षं होतील. चौथा मजला, वर मोकळी गच्ची, सोसायटीने अँटेनाला हरकत घेतली नाही, त्यामुळे सामान नीट लागायच्या आधीच वीस मीटरची वायर गॅलरीच्या ग्रिलपासून पाण्याच्या टाकीच्या पाइपापर्यंत ताणून झाली होती. आमच्याकडे बसच्या स्टॉपचंच नाव आकाशवाणी आहे. पुणे केंद्राचा मीडियम वेव्हचा ट्रान्समीटर इथला, ७९२ किलोहर्ट्झ, १०० किलोवॉट. हे मला आधीपासून माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि त्याच्या दीड किलोमीटरवर वायर बांधून बसणं वेगळं हे पहिल्याच आठवड्यात कळलं.

सकाळी सातच्या सुमारास ४० मीटर बँडवर (७००० किलोहर्ट्झच्या जरा वर) गावोगावचे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, गप्पा मारत असतात, ते ऐकायला बसलो होतो. ७१२८ वर शिट्टीसारखा कॅरियर, म्हणजे कुठल्यातरी स्टेशनची मूळ लहर. मोड एएम केला तर आकाशवाणीच्या सकाळच्या बातम्या! स्वच्छ नाही पण शब्द न् शब्द कळतोय. मग कागदावर भागाकार केला, ७१२८ भागिले ७९२ बरोबर ९. नववी हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीची नऊ पट. संध्याकाळी मीडियम वेव्हवर खाली गेलो तर १५८४ वर पण तेच स्टेशन, आणि तिथे तर मूळ स्टेशनच वाटावं इतकं दणदणीत. ७९२ ची बरोबर दुप्पट. माझा पक्का समज झाला की ट्रान्समीटरच घाण सोडतोय, आणि मी तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं, तारखा, वेळा, एस मीटरची (सिग्नलचा जोर दाखवणारा काटा) रीडिंग, सगळं.

पाठवायच्या आधी काकांना फोन केला. काका म्हणजे आमच्या ग्रुपमधले सगळ्यात जुने हॅम, माझं सगळं सोल्डरिंग त्यांच्या हाताखाली झालंय. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "अरे, पत्र राहू दे बाजूला, आधी अँटेना आणि रेडिओच्या मधे दहा डीबीचा अ‍ॅटेन्युएटर लाव आणि मला सांग किती खाली येतं ते. दहा आलं तर बाहेरचं, जास्त आलं तर तुझ्या रेडिओच्या पोटातलं."

हे एक वाक्य मला पंधरा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर किती वेळ वाचला असता. म्हणून ते आधी नीट सांगतो, बाकीचं सगळं याच्याच भोवती आहे. डीबी हे सिग्नल किती पटीने कमी-जास्त झाला ते सांगायचं माप, दहा डीबी कमी म्हणजे ताकद दहा पट कमी, आणि हे कमी करण्याचं काम अॅटेन्युएटर करतो.

बाहेरून खरोखर येणारा सिग्नल कुठलाही असो, स्टेशन असो, शेजारच्या एलईडी बल्बचा कचरा असो, वाटेत १० डीबी कमी केले तर तो १० डीबीच कमी होतो. पण रिसीव्हरच्या आत जे तयार होतं त्याचं गणित वेगळं. फार जोराचा सिग्नल आला की आतला अ‍ॅम्प्लिफायर, फ्रिक्वेन्सी बदलणारा मिक्सर, कधी कधी फिल्टर बदलणारे साधे डायोडसुद्धा सरळ रेषेत वागत नाहीत, आणि मग आत नवीन फ्रिक्वेन्सी जन्माला येतात ज्या हवेत नाहीतच. दुप्पट वाली जी असते ती दुसऱ्या क्रमाची, ती १० डीबीला २० डीबीने पडते. दोन स्टेशनं एकमेकांत मिसळून जे तिसरं भूत तयार होतं, एकाची दुप्पट वजा दुसरं, ते तिसऱ्या क्रमाचं, ते १० डीबीला चक्क ३० डीबीने पडतं. म्हणजे भूत खरं की खोटं हे ओळखायला महागडं काहीच लागत नाही, तीन रेझिस्टर लागतात. १०० ओहम, ६८ ओहम, १०० ओहम, मधला सिग्नलच्या वाटेत आणि बाजूचे दोन जमिनीला. झाला जवळपास दहा डीबीचा पॅड.

लावला. १५८४ वरचं स्टेशन धाडकन खाली आलं, मोजलं तर वीसच्या आसपास. म्हणजे ते हवेत नव्हतंच, माझ्या जुन्या ट्रान्सीव्हरच्या (पाठवणं आणि ऐकणं दोन्ही करणारा रेडिओ) पोटात तयार होत होतं. तक्रारीच्या पत्रातला अर्धा भाग तिथेच संपला. १०० किलोवॉटचं स्टेशन त्याच्या फ्रिक्वेन्सीवर त्याचं काम चोख करतंय, त्याला न झेपणं हा माझ्या रिसीव्हरचा दोष.

पण ७१२८? ते फक्त दहाने खाली आलं. परत लावलं, परत काढलं, दहाच. नववी हार्मोनिक जर रेडिओच्या आत बनत असती तर दहा डीबीत ती पार गायब व्हायला हवी होती. म्हणजे हे बाहेरचं. मला वाटलं चला, निदान हे तरी ट्रान्समीटरचं. काका म्हणाले, "थांब, एक छोटा शॉर्टवेव्ह रेडिओ घेऊन गच्चीवर फिर." फिरलो. टाकीच्या जीआय पाइपाला जुन्या डिश अँटेनाचा क्लॅम्प होता, डिश कधीच गेलेली, क्लॅम्प तसाच, पूर्ण गंजलेला. त्याच्याजवळ रेडिओ नेला की ७१२८ वाढायचं, आणि क्लॅम्पला हाताने हलवलं की बातम्या खर्रकन तुटायच्या. गंजलेला सांधा डायोडसारखा वागतो! दोन धातूंच्या मधे गंजाचा पातळ थर, वरून एवढा जबरदस्त सिग्नल, आणि पाइप स्वतःच अँटेना, मग तो क्लॅम्पच एक लहानसा ट्रान्समीटर होऊन बसतो. पाना घेऊन क्लॅम्प काढला, पाइप पॉलिश पेपरने घासला. खाली येऊन ऐकलं, ७१२८ वर शांतता.

हा प्रकार आकाशातसुद्धा होतो, हे मला वाचून फार भारी वाटलं होतं. १९३३ मध्ये नेदरलँड्समधे स्वित्झर्लंडचं बेरोम्युन्स्टर स्टेशन ऐकताना त्यावर मागून लक्झेंबर्गचा कार्यक्रम ऐकू यायचा, डच इंजिनियर टेलेगेन यांनी ते नोंदवलं, आणि कारण निघालं ते असं की लक्झेंबर्गच्या शक्तिमान सिग्नलमुळे आयनोस्फिअर, म्हणजे रेडिओ लहरी परतवणारा वातावरणाचा वरचा थर, तोच बदलत होता आणि तिथून जाणाऱ्या दुसऱ्या स्टेशनवर त्याचा ठसा उमटत होता. तिथे मात्र ना क्लॅम्प काढता येत ना अ‍ॅटेन्युएटर कामाला येत.

बरं, ७९२ माझ्याकडे येतो तरी किती? कागदावर, जमीन आदर्श धरली तर १०० किलोवॉटला एक किलोमीटरवर मीटरमागे साधारण ३ व्होल्ट, माझ्या अंतरावर २ व्होल्ट. वायरच्या टोकाला स्कोप (ऑसिलोस्कोप) लावला तर ४ व्होल्ट पीक टू पीक दिसले, दिवसाढवळ्या, नुसत्या वायरवर. शॉर्टवेव्हवर एस ९ म्हणजे ५० मायक्रोव्होल्ट धरतात. त्याच्यापेक्षा हे जवळपास ९० डीबी वर. आणि आपल्याला ऐकायचा असतो एस ९ च्याही कितीतरी खालचा माणूस. रिसीव्हर विकताना सगळे सांगतात की हा किती बारीक सिग्नल ऐकतो. बारीक ऐकणं आता कुणालाही जमतं, दोन रुपयांचा ट्रान्झिस्टर लावला तरी जमतं. शेजारी कुणीतरी भोंगा लावलेला असताना बारीक ऐकणं, ते मोजायला हवं. आणि ते माहितीपत्रकात बहुतेक वेळा नसतंच, असलं तरी ज्या पद्धतीने चांगलं दिसेल त्या पद्धतीने मोजलेलं असतं.

या बाबतीत मला अमेरिकेतल्या रॉब शेरवूड यांचं काम फार मोलाचं वाटतं. सत्तरच्या दशकात त्यांच्याकडे ड्रेक कंपनीचा आर-४सी रिसीव्हर होता, त्या काळच्या चाचण्यांत एकदम उत्तम ठरलेला, पण हॅम लोकांच्या स्पर्धेच्या दिवशी मोर्सच्या गर्दीत त्यावर भुतंच भुतं. कारण साधं होतं, चाचणीत दोन सिग्नल २० किलोहर्ट्झ अंतरावर ठेवून मोजायचे, आणि खऱ्या गर्दीत जोराचा माणूस २ किलोहर्ट्झवर बसलेला असतो. पहिला फिल्टर रुंद असला तर २० वरचा शेजारी अडतो पण २ वरचा सरळ आत येतो. मग त्यांनी स्वतः २ किलोहर्ट्झवर मोजायला सुरुवात केली, आणि आजही त्यांचा तक्ता त्याच आकड्याच्या क्रमाने लावलेला असतो. एका माणसाने घरच्या टेबलावर योग्य प्रश्न विचारला आणि पुढे रेडिओ बनवणाऱ्यांना आपली डिझाइनं बदलावी लागली.

मग मी पण ठरवलं की माझे दोन्ही रेडिओ घरी मोजायचे.

तपकीर गल्लीत जाऊन कॉम्प्युटरच्या बोर्डवर असतात ते १४.३१८ मेगाहर्ट्झचे क्रिस्टल आणले, हे आपल्या २० मीटर बँडमधे येतात म्हणून सोयीचे, किंमत नगण्य. दोन ऑसिलेटर बांधले, एकाच्या क्रिस्टलला सिरीजमधे कॉइल आणि ट्रिमर लावून त्याला ५ किलोहर्ट्झ खाली ओढला. म्हणजे एक १४.३१८ वर, दुसरा १४.३१३ वर. यांची भुतं कुठे येणार ते आधीच ठरलेलं, १४.३२३ आणि १४.३०८. क्रिस्टलच का, तर लॅबमधला साधा सिग्नल जनरेटर स्वतःच इतका खरखर करतो की तुम्ही रेडिओ मोजताय की जनरेटर हेच कळत नाही. क्रिस्टल शांत असतो. प्रत्येकाचं आउटपुट ५० ओहमवर स्कोपने बरोबर २ व्होल्ट पीक टू पीक लावलं, ते होतं +१० डीबीएम, म्हणजे एक मिलिवॉटच्या १० डीबी वर. मग दोघांना एकत्र करणारा असा कंबायनर की एकाचा सिग्नल दुसऱ्यात शिरणार नाही, कारण शिरला तर ऑसिलेटरच एकमेकांत मिसळून भूत तयार करतात आणि आपण बिचाऱ्या रेडिओला दोष देत बसतो. त्यात ६ डीबी जातात. पुढे पॅड आणि स्टेप अ‍ॅटेन्युएटर.

इथे माझे तीन रविवार गेले. सगळ्यात बारीक सिग्नल मोजायचा म्हणजे ऑसिलेटरपासून रेडिओपर्यंत १३० डीबीच्या वर कमी करायचं, एक लाखाचा लाखाने गुणाकार करा, त्याच्यावर अजून हजार पट. एवढं कमी करताना सिग्नल केबलने न येता हवेतूनच रेडिओत शिरतो. मी अ‍ॅटेन्युएटर वाढवतोय, वाढवतोय, आणि एका पातळीनंतर रेडिओवर काहीच फरक नाही. केबल काढून टोकाला ५० ओहम लावला तरी टोन ऐकू येतोय! ऑसिलेटर उघड्या बोर्डवर होते. मग घरातला बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला, त्यात ऑसिलेटर ठेवले, ९ व्होल्टची बॅटरी सुद्धा आतच, बाहेर फक्त केबल जोडायचा एक बीएनसी कनेक्टर. तरी थोडं येत होतं. झाकणाच्या कडेचा रंग होता ना, रंगामुळे पत्र्याला पत्रा टेकतच नव्हता. कडेचा रंग पूर्ण खरवडून काढला, वरून तांब्याची टेप फिरवली, आणि झाकण दाबून बसवताना शेवटच्या कोपऱ्याशी टोन जो विझला ना, अक्षरशः दिव्याची वात खाली करावी तसा, ते मी किती वेळा झाकण उघडून परत परत ऐकलं. बायको विचारत होती काय चाललंय, तिलाही हेडफोन दिला, तिलाही कळलं.

जुन्या ट्रान्सीव्हरचे आकडे असे. ५०० हर्ट्झच्या फिल्टरवर सगळ्यात बारीक ऐकू येणारा सिग्नल उणे १२८ डीबीएम, म्हणजे ऑडिओवर लावलेल्या मीटरमधे पॉवर ३ डीबीने वाढते ती पातळी. मग दोन्ही टोन वाढवत नेले, १४.३२३ वरचं भूत त्याच पातळीला आलं तेव्हा टोन होते उणे ४५. म्हणजे ५ किलोहर्ट्झ अंतरावर ८३ डीबीची डायनॅमिक रेंज, सगळ्यात बारीक सिग्नल आणि भूत काढणारा जोराचा सिग्नल यांच्यातलं अंतर. मग एका मित्राच्या ओळखीने कॉलेजच्या लॅबमधे एक चांगल्यापैकी जनरेटर एका दुपारसाठी मिळाला, त्याने २० किलोहर्ट्झवर मोजलं तर ९५. तोच रेडिओ, तोच दिवस, अंतर बदललं आणि आकडा १२ डीबीने चांगला झाला. माहितीपत्रकात कुठला छापतील ते सांगायला नको. कारणही दिसतं, हा रेडिओ सगळं आधी ७० मेगाहर्ट्झच्या आसपास वर नेतो आणि तिथला पहिला फिल्टर १५ किलोहर्ट्झ रुंद आहे, ५ वरचे दोघेही हातात हात घालून आत जातात.

तिसरी चाचणी मला सगळ्यात आवडते कारण त्यात भूत नसतं. एकच जोराचा टोन द्यायचा आणि रेडिओ त्याच्या ५ किलोहर्ट्झ बाजूला लावायचा, जिथे काहीच नाही. टोन वाढवत गेलं की एका क्षणी त्या मोकळ्या जागेतली खरखर वाढायला लागते. रेडिओच्या स्वतःच्या ऑसिलेटरला जी नॉइजची झालर असते ती त्या टोनवर चढून तुमच्या फ्रिक्वेन्सीवर येते. माझ्याकडे उणे ४० ला खरखर ३ डीबीने वाढली, म्हणजे ८८. हे ऐकताना लोकांना वाटतं आज बँडच खराब आहे, नॉइज जास्त आहे. बँड ठीक असतो, शेजारी कुणी जोरात बोलतोय आणि तुमचा रेडिओ त्याला खरखरीच्या रूपात तुमच्यापर्यंत आणतोय.

माझा दुसरा रेडिओ, म्हणजे नवीन एसडीआरचा (बरंचसं काम सॉफ्टवेअरने करणारा) डबा, या चाचणीत ११० च्या वर गेला, तिथे तो फारच सरस. पण त्याची वागणूक वेगळी आहे. त्यात सरळ एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) असतो, त्यात भूत एकाला तीन या हिशोबाने पडत नाही, बराच वेळ सगळं छान छान चालतं आणि एका पातळीला एडीसी भरला की एकदम सगळीकडे कचरा. माझ्या वायरवर, फिल्टर न लावता, तो ७९२ मुळेच भरायचा, बँड कुठलाही लावा. त्यामुळे कुणी विचारलं दोघांपैकी चांगला कुठला, तर माझं उत्तर असतं की तू कुठे राहतोस ते आधी सांग.

घरी एवढं सगळं नसेल आणि नुसता टीव्हीचा यूएसबी डोंगल असेल तरी हे बघता येतं. पुण्यात १०१ ला विविध भारती, ९८.३ ला मिरची. डोंगलचा गेन पूर्ण वर न्या आणि १०३.७ आणि ९५.६ वर बघा. १०१ ची दुप्पट वजा ९८.३. आठ बिटचा एडीसी आणि छोटासा ट्यूनर, शहरात उंच अँटेना असेल तर तिथे दोन्ही स्टेशनांची खिचडी दिसण्याची शक्यता बरीच. आता गेन एक एक पायरी खाली आणा, खरी स्टेशनं तशीच राहतील आणि ही खिचडी आधी जाईल. कॉलेजच्या पोरांना मी हेच करून दाखवतो, पाच मिनिटांत समजतं.

सिंहगडावरचा अनुभव थोडक्यात सांगतो. दोन मीटर बँडची स्वस्त हँडी, म्हणजे हातात धरायचा रेडिओ, घेऊन गेलो होतो, एवढ्या उंचीवरून कोथरूडचा मित्र डोळ्यासमोर आहे, तरी गडावरच्या प्रक्षेपणाच्या टॉवरच्या जवळ हँडी ठार बहिरी. तो मला ऐकतोय, मी त्याला नाही. कल्याण दरवाज्याकडे चालत गेलो, मधे डोंगराची आड आली, आणि तो स्पष्ट ऐकू यायला लागला. भूत नाही, आवाज नाही, नुसता बहिरेपणा, म्हणून हा प्रकार लक्षातच येत नाही. पुढच्या वेळी फक्त १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आत सोडणारा बँडपास फिल्टर अँटेनाच्या मधे लावून नेला, टॉवरखाली सुद्धा चाललं.

हे फक्त आमच्यासारख्या छंदवाल्यांचं दुखणं आहे असं वाटत असेल तर विमानांचं बघा. विमान उतरताना जमिनीपासूनची उंची मोजणारा रेडिओ अल्टिमीटर ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर चालतो. ५जी आला तो त्याच्या खालच्या बाजूला, आपल्याकडे ३.३ ते ३.६७. दोघांत चांगलं अंतर आहे, कुणी कुणाच्या हद्दीत शिरलेलं नाही. पण जुन्या अल्टिमीटरचे फिल्टर अशा काळात बनले जेव्हा शेजारी कुणी जोरात बोलतच नव्हतं. म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्या दूरसंचार विभागाने सांगितलं की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मधल्या रेषेपासून ९१० मीटरच्या आत या बँडचे टॉवर नकोत. अमेरिकेत २०११ ला लाइटस्क्वेअर्ड कंपनी आणि जीपीएसचं भांडण झालं ते पण हेच, १५५९ मेगाहर्ट्झच्या खाली फोनचं नेटवर्क, १५७५.४२ वर जीपीएस, आणि अवकाशातून येणारा अगदी क्षीण सिग्नल ऐकणाऱ्या लाखो रिसीव्हरना शेजाऱ्याचा आवाज अडवायला पुरेसा फिल्टरच नाही. ट्रान्समीटरला नियम असतात, मोजमाप असतं, परवाने असतात. रिसीव्हरने किती सोसलं पाहिजे हे मात्र कुणी आग्रहाने विचारत नाही, आणि मला मनापासून वाटतं की विचारलं पाहिजे, विकत घेणाऱ्याने तरी.

राहिला माझा १५८४. शॉर्टवेव्हसाठी हायपास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी सोडून खालच्या अडवणारा) लावला की काम झालं, पण मला मीडियम वेव्ह पण ऐकायची असते, तिथे हायपास लावला तर सगळंच जातं. मग काकांनी त्यांच्या खोक्यातून जुन्या ट्रान्झिस्टरचा गँग, म्हणजे स्टेशन लावायचा फिरता कपॅसिटर, काढून दिला. फेराइट रॉडवर २२० मायक्रोहेन्रीची कॉइल गुंडाळली, गँग तिला समांतर, आणि ही जोडी अँटेना आणि रेडिओच्या मधे. ७९२ ला अडवायला हिशोबाने १८४ पिकोफॅरड लागतात, म्हणजे गँग अर्ध्याच्या आसपास. रात्री नऊला बसलो, रेडिओ ७९२ वर लावला आणि गँग हळू हळू फिरवत गेलो, एस मीटरचा काटा जो कायम उजवीकडे चिकटलेला असायचा तो सुटला, खाली आला, एका जागी अगदी तळाशी गेला आणि परत वर जायला लागला. मागे आणून तळाला ठेवला, गँगच्या दांडीवर खुणेची रेघ मारली.

मग १५८४ वर गेलो. आकाशवाणी नाही. बराच वेळ नुसती खरखर होती, आणि त्या खरखरीच्या खाली, वर येत परत बुडत, कुठलंतरी लांबचं स्टेशन लागलं होतं, बाई काहीतरी वाचत होती, भाषा कळली नाही.